करुणेला पात्र कोण?

इंग्लंडमधील कारखान्यांत राबणाऱ्या मुलांच्या स्थितीविषयी सरकारी चौकशी आयोगाने दिलेला अहवाल 1843 मध्ये चार्ल्स डिकन्सच्या वाचनात आला, तेव्हा प्रथम त्याने एक पत्रक लिहिण्याचे ठरविले होते. गरिबांच्या मुलांच्या वतीने इंग्लिश जनतेला आवाहन, असे त्याचे स्वरूप असणार होते. ते पत्रक कधीच लिहिले गेले नाही. त्याऐवजी त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘ए ख्रिसमस कॅरल’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि नाताळच्या आतच तिच्या सहा हजार प्रती खपल्या. त्या अहवालाचे नाव आज संशोधकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. कुबडी घेऊन चालणारा टायनी टिम मात्र जगभरच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. आकड्यांना जे साधले नसते ते एका कुटुंबाच्या चित्राने साधले.

ते चित्र कसे रंगविले आहे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. बॉब क्रॅचिट हा कारकून. आठवड्याला पगार पंधरा शिलिंग, पदरी सहा मुले. पत्नीचा सणाचा झगा दोनदा उलटवून शिवलेला, पण फितींनी सजविलेला. घर नीटनेटके, मुले गुणी, जेवण तुटपुंजे असले तरी कोणाच्या तोंडी तक्रारीचा शब्द नाही. इतकेच नव्हे, तर ज्या मालकाने कचेरीत थंडीने कुडकुडत ठेवले त्याच्याच आरोग्यासाठी बॉब पेला उचलतो. बायको तेवढी उसळते, पण सणाचा दिवस आणि नवऱ्याचा शब्द म्हणून नमते घेते. या पुस्तकाची किंमत पाच शिलिंग होती. म्हणजे स्वतःची कहाणी विकत घ्यायची तर बॉबला आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. ही कथा कोणासाठी लिहिली होती, याविषयी आणखी पुराव्याची आवश्यकता नाही.

तथापि या करुणेची टवाळी करून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. 1834 च्या गरीब कायद्याने मदत मागणाऱ्या धडधाकट माणसाला वर्कहाउसचा दरवाजा दाखविला आणि त्या दरवाजाच्या आत नवरा, बायको व मुले यांना वेगवेगळ्या विभागांत ठेवले. दारिद्र्य हे आळसाचे आणि बेजबाबदार संततीचे फळ आहे, हे त्या काळच्या अर्थशास्त्राचे सर्वमान्य सूत्र होते. अशा काळात गरिबालाही घर असते, त्याचाही मुलावर जीव असतो, हे ठासून सांगणे ही राजकीय कृती होती. वर्कहाउसपेक्षा रस्त्यावरचे मरण पत्करणारी ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मधील म्हातारी बेटी हिग्डन हा त्या कायद्यावरचा उघड आरोप आहे.

पण या करुणेला एक अट होती. गरिबाने गुणी असावे, कृतज्ञ असावे आणि शक्यतो एकटे असावे.

डिकन्ससारख्या मोठ्या लेखकाला ही अट कधी कधी जाचत असली पाहिजे. ‘ब्लीक हाउस’मध्ये परोपकाराचा कैफ चढलेल्या पार्डिगलबाई एका वीट पाडणाऱ्या मजुराच्या झोपडीत उपदेश करावयास शिरतात. तो जमिनीवरच आडवा पडलेला. उठण्याचे कष्टही घेत नाही. बाईंनी विचारण्यापूर्वीच तो उत्तरे देऊन टाकतो. होय, घर घाण आहे. पाणीही तसलेच आहे. पाच मुले झाली नि गेली. दारू पितो, बायकोच्या डोळ्यावरची काळी खूण माझ्याच हाताची आहे. तुमची पुस्तिका वाचलेली नाही. बाई समाधानाने निघून जातात. (समाजसेवेची ही जात नामशेष झाल्याचे अद्याप ऐकिवात नाही.) पाठोपाठ त्या मजुराच्या बायकोचे तान्हे तिच्या मांडीवरच प्राण सोडते आणि तिला पोटाशी धरते ती तिच्यासारखीच नवऱ्याचा मार खाणारी शेजारीण. येथे गरीब माणूस चांगला असल्याचा दाखला कोणी मागितलेला नाही, आणि तरीही वाचक हलतो.

मात्र हेच गरीब एकत्र येऊन संघटना करतात तेव्हा डिकन्सची लेखणी अडखळते. लँकेशायरमधील प्रेस्टन येथे 1853-54 मध्ये सूतगिरणी कामगारांचा मोठा लढा झाला. पूर्वी कापलेली दहा टक्के मजुरी परत द्या, ही त्यांची मागणी. मालकांनी टाळेबंदीने उत्तर दिले. 1854 च्या जानेवारीत डिकन्स स्वतः तेथे गेला, कामगारांच्या सभांना बसला आणि आपल्या साप्ताहिकात त्याने प्रामाणिक वृत्तांत लिहिला. संपाला त्याची संमती नव्हती. पण सभेतील शिस्त, गावोगावच्या कामगारांकडून आलेल्या वर्गणीचा हिशेब आणि भडक वक्त्याला आवरणारा अध्यक्ष यांची त्याने मोकळेपणाने नोंद केली. दोनच महिन्यांत त्याच साप्ताहिकातून ‘हार्ड टाइम्स’ क्रमशः येऊ लागली. तेथे मात्र शिस्तीने सभा चालविणारे ते कामगार नाहीत. स्लॅकब्रिज हा गर्जना करणारा पुढारी आहे आणि त्याच्या पाठीमागे भाबडेपणाने जाणारा समुदाय आहे. वाचकाची सहानुभूती कोणाला? तर संघटनेत येण्यास नकार देणाऱ्या स्टीफन ब्लॅकपूलला. सोबती त्याला वाळीत टाकतात, मालक कामावरून काढतो आणि शेवटी पडक्या खाणीच्या विवरात कोसळून तो मरतो. जे डोळ्यांनी पाहिले, ते कादंबरीत उतरले नाही. मरणाऱ्या एकट्या माणसावर अश्रू ढाळता येतात. वर्गणीचा जमाखर्च वाचून दाखविणारी सभा कोणाच्या अश्रूंची याचना करीत नाही. ती मागते मजुरी, आणि मजुरी मालकाच्या खिशातून जाते.

संपाच्या मदतनिधीसाठी पत्रके काढणाऱ्यांनी या फरकावर विचार करण्यासारखा आहे. मुखपृष्ठावर उपाशी मुलाचा चेहरा छापणे सोपे असते, त्याने पैसेही जमतात. पण त्या मुलाचा बाप कशासाठी भांडत आहे हे आतल्या पानावर राहून जाते आणि देणारा मुलाला देतो, बापाच्या मागणीला नाही.

एलिझाबेथ गॅस्केल या लेखिकेने या बाबतीत अधिक धैर्य दाखविले. मँचेस्टरमधील धर्मोपदेशकाची ही पत्नी कामगारवस्तीला जवळून ओळखत होती. तान्हा मुलगा 1845 मध्ये दगावल्यावर दुःखात बुडालेल्या गॅस्केलबाई लिहू लागल्या आणि 1848 मध्ये ‘मेरी बार्टन’ प्रसिद्ध झाली. तिच्यातील तळघराचा प्रसंग व्हिक्टोरियन कादंबरीतील अत्युत्तम पृष्ठांपैकी आहे. गिरणी बंद पडून बेकार झालेला डेव्हनपोर्ट ओल झिरपणाऱ्या तळघरात तापाने तळमळतो आहे, मुले उपाशी आहेत. जॉन बार्टन हा स्वतःच बेकारीच्या काठावर असलेला विणकर घरी जातो, चांगला कोट आणि एकुलता एक रेशमी रुमाल गहाण टाकतो आणि मिळालेल्या पाच शिलिंगांतून खाणे व सरपण घेऊन येतो. त्याचा मित्र विल्सन रुग्णालयाच्या चिठ्ठीसाठी मालकाच्या बंगल्यावर जातो. तेथे न्याहारी चालू आहे. तीन वर्षे आपल्या गिरणीत राबलेल्या माणसाचे नावही मालकाला आठवत नाही. तो बाह्यरुग्णाची चिठ्ठी लिहून देतो, मुलगा खिशात हाताला लागतील ती नाणी देतो. लेखिका त्यावर व्याख्यान झोडत नाही. दोन्ही दाने शेजारी ठेवते.

आणि हाच जॉन बार्टन, ज्याचा स्वतःचा मुलगा उपासमारीत गेला, जो 1839 मध्ये सनदवाद्यांचा अर्ज घेऊन लंडनला गेला आणि पार्लमेंटने दाद न दिल्याने हात हलवीत परतला, तोच पुढे मालकाच्या मुलाचा खून करतो. कामगारांच्या शिष्टमंडळाच्या फाटक्या कपड्यांची त्या तरुणाने कागदावर टर उडविलेली असते. त्याच कागदाच्या चिठ्ठ्या करून खुनाची निवड होते. खून हा लढ्याचा मार्ग नव्हे, आणि संघटना म्हणजे कटवाल्यांची टोळी असे दाखवून लेखिकेने सदोष चित्र काढले, हेही खरे. शेवटी मरणाऱ्या बार्टनला मालकाच्या मिठीत टाकणारा समेट तर पचनी पडणे कठीण. परंतु खून करणाऱ्या माणसाविषयीची सहानुभूती तिने काढून घेतली नाही. गिरणीमालकांच्या बाजूच्या टीकाकारांना तेच झोंबले. 1849 मध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’त डब्ल्यू. आर. ग्रेग यांनी मालकांवर अन्याय झाल्याची तक्रार केली. तान्ह्या मुलांच्या मरणावर कोणाचा आक्षेप नव्हता. 1854 मध्ये मार्क्सने इंग्लिश कादंबरीकारांची जी वाखाणणी केली तीत गॅस्केलबाईंचे नाव आहे, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘नॉर्थ अँड साउथ’मधील निकोलस हिगिन्स हा संघटनेचा कार्यकर्ता स्लॅकब्रिजहून कितीतरी अधिक जिवंत आणि ताठ मानेचा आहे.

पहिल्या कादंबरीला गॅस्केलबाईंनी मनात धरलेले नाव ‘जॉन बार्टन’ असे होते. तोच आपला नायक, असे त्यांनी पुढे पत्रातही लिहिले. प्रकाशकाच्या आग्रहाने पुस्तकावर बापाऐवजी मुलीचे नाव आले. लेखिकेचे तर पहिल्या आवृत्तीवर नव्हतेच.