ऑपरेशन झालं, पुढे काय?

मावशीची वजन कमी करायची गॅस्ट्रिक बायपास होऊन सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी सगळ्यांनी कौतुक केलं, मग विसरले. मावशीसुद्धा बी-१२ विसरली! बायपासनंतर ते अन्नातून नीट शोषलं जात नाही. गोळी नाहीतर इंजेक्शन जन्मभर लागतं. पायाला मुंग्या यायला लागल्या तर आम्ही म्हटलं, "वय झालं." तिच्याबरोबर ऑपरेशन झालेल्या काकू मात्र फोनवर ओरडल्या, "आधी रक्त तपास!" बी-१२ अगदी तळाला गेलेलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले गो-लाइव्हला पेढे वाटतो, पण खरं काम पुढच्या मेंटेनन्समध्ये असतं. तसंच हे. माझं मत विचाराल तर ऑपरेशनची तारीख देतानाच एखादा जुना पेशंट सोबतीला जोडून द्यावा. वजन परत वाढलं तर डॉक्टरांना सांगायची लाज वाटते, त्याला सांगायची वाटत नाही.