रडत नाही म्हणून गुणी?

‘आमचं बाळ फार गुणी. रात्री जाग आली तरी रडत नाही, आपलं आपण पडून राहतं.’ दत्तक मूल घरी येऊन महिना झालेले आईबाप हे कौतुकाने सांगतात. ऐकणारे ‘नशीब काढलंत हो’ म्हणतात. मला मात्र अशा बाळाची काळजी वाटते. चांगल्यातल्या चांगल्या शिशुगृहातही रात्रपाळीच्या मावशीच्या वाट्याला बरेच पाळणे असतात. रडलं की लगेच कुणी येईल याची खात्री नसते, आणि मग मूल रडायचंच सोडून देतं. काही आठवड्यांनी हेच बाळ रात्री तीन-तीनदा भोकाड पसरायला लागलं, की आजी मीठमोहऱ्या ओवाळते आणि बाबा डॉक्टरांना फोन लावतात. खरं तर त्या दिवशी पेढे वाटायला हवेत. रडलं की कुणीतरी धावत येतं, हे त्याला आता कळलंय.

एका घरात चार वर्षांची मुलगी आली. तिच्यासाठी वेगळी खोली, भिंतीला गुलाबी रंग, छताला चमकणाऱ्या चांदण्या, सगळी हौस. पोरगी रात्री एकपर्यंत टक्क डोळे उघडे ठेवून पलंगावर बसलेली. शेवटी आईने संस्थेतल्या मावशींना विचारलं. तिथे व्हरांड्यातली ट्यूब रात्रभर चालू असायची, सतत कुणी ना कुणी खोकत-रडत असायचं, आणि शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीचा हात धरूनच ही झोपायची. इथे मिट्ट काळोख आणि बंद दार. आईबाबांनी स्वतःच्या खोलीत जमिनीवर गाद्या घातल्या, झिरोचा बल्ब लावला, मुलीला मधे घेतलं. उशीखाली तिने लपवलेली बिस्किटं सापडली, तेव्हा आईने ती फेकली नाहीत. एका डब्यात भरून डबा उशाशी ठेवला. रात्री जाग आली की पोरगी डबा चाचपायची आणि पुन्हा कलंडायची.

‘सवय लागेल, मग कायम कुशीतच झोपेल’ असा इशारा देणारे प्रत्येक घरात असतात. लागू दे की! जिची झोपायची जागा आणि निजवणारी माणसं आधीच बदलली आहेत, तिला कुशीची सवय लागली तर बिघडलं काय? ‘रडू द्या, थकून झोपेल’ हा सल्ला या मुलांच्या बाबतीत मला सरळ चुकीचा वाटतो, कारण तो धडा ती संस्थेतच शिकून आलेली असतात. ओळीने अंथरुणं घालून झोपायची आपली जुनी पद्धत इथे फार कामाची आहे. (वर्षाखालच्या तान्ह्याला मात्र मोठ्यांच्या मऊ गादीवर नको, त्याचा पाळणा आपल्या पलंगाला लागून असावा.) आणि मूल आणायला जाल तेव्हा त्याची रोजची चादर मागून आणा, घरी आल्या आल्या धुऊ नका.

पण झोपेची प्रत्येक तक्रार दत्तकपणाच्या खात्यावर टाकायची नाही. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या ॲडिनॉइडची वाढ तपासून घ्या. रात्रभर पाय झाडत असेल, तर शरीरात लोह कमी असू शकतं. रक्ताच्या तपासणीत फेरिटिनही बघायला सांगा. झोप लागून तास-दोन तासांत किंचाळत उठणारं, आपल्याला न ओळखणारं आणि सकाळी काहीच न आठवणारं मूल दुःस्वप्न पाहत नसतं, गाढ झोपेतून अर्धवट जागं झालेलं असतं. त्याला गदागदा हलवू नका. इजा होणार नाही एवढं बघत शेजारी बसा.

अवघड वय पुढेच आहे. वयात येताना झोपेचं मेलाटोनिन उशिरा स्रवू लागतं, गरज मात्र आठ ते दहा तासांचीच राहते, आणि शाळा सकाळी सातला. हे सगळ्याच मुलांचं. त्यात दत्तक मुलाला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगतात, विज्ञानात आनुवंशिकता सुरू होते. मग रात्री साडेअकराला दारात उभं राहून ते विचारतं, ‘तिने मला का ठेवलं नाही?’ अशा वेळी ‘उद्या बोलू, झोप आता’ म्हणायचं नाही. उद्या ते विचारणार नाही. माहीत असेल तेवढं खरं सांगावं. अठरा पूर्ण झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, हेही सांगावं.

मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते. वजन, लसी, शाळा, सगळं विचारतात. सोशल वर्करताईंनी रात्रीबद्दलही खोदून विचारावं: मूल कुठे झोपतं, कुणाजवळ, किती वेळा उठतं. आणि ही सोय दोन वर्षांत संपते, तेव्हा तान्हेपणी आलेलं मूल बालवाडीतही गेलेलं नसतं. चौदाव्या वर्षी झोप उडालेल्या मुलाच्या आईबापांनाही समुपदेशनासाठी संस्थेचं दार उघडं हवं.

मामा, आत्या, काकूंना एकच विनंती. नव्या भाच्या-पुतण्याचे लाड तुम्ही करालच. पण पहिलं वर्षभर तरी ‘आज रात्री आमच्याकडे झोपायला पाठवा’ म्हणू नका.