टेलिफोनचे मोकळे दर आणि बांधलेला नंबर

एका रस्त्यावर भाजीच्या दोन पाट्या समोरासमोर लागल्या, म्हणजे भाव पाहावयास कोणा अधिकाऱ्याची गरज पडत नाहीं. एकीचा भाव पटला नाहीं तर गिऱ्हाईक चार पावलें चालून दुसरीकडे जातें, आणि एवढ्या भीतीनेंच पहिलीचा भाव ताळ्यावर राहतो. गांवांत एकच दुकान असेल, तर मात्र गिऱ्हाइकाच्या पाठीशीं कोणीतरी उभें राहावें लागतें. सरकारनें दर केव्हां बांधावे आणि केव्हां मोकळे सोडावे, या मोठ्या वादाचा गाभा एवढाच आहे. या महिन्यांत तोच गाभा एका लहानशा, पण आमच्या पुष्कळ वाचकांच्या पोटापाण्याशीं निगडित अशा वस्तूला लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे दुकानांतला, छापखान्यांतला, दवाखान्यांतला किंवा वकिलाच्या कचेरींतला टेलिफोन.

शहरांतील अशा टेलिफोनचे दर आज सरकार ठरवीत नाहीं. १९९७ सालीं स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें १९९९ सालीं दरांचा पहिला मोठा आदेश काढला. पुढें टप्प्याटप्प्यानें शहरांतील दर कंपन्यांच्या स्वाधीन करण्यांत आले, आणि खेड्यांतील टेबलावरच्या टेलिफोनाला तेवढी मर्यादा राहिली. नवा दर लागू केल्यावर कामकाजाच्या सात दिवसांत कंपनीनें तो प्राधिकरणास कळविला म्हणजे झालें. जेथें चढाओढ आहे तेथें सरकारनें आपला हात काढून घ्यावा, हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चढाओढ आहे किंवा नाहीं, हें कोठें उभें राहून पाहावयाचें?

या बाबतींत मुंबईचा पूर्वेतिहास पाहण्यासारखा आहे. २८ जानेवारी १८८२ रोजीं येथें टेलिफोन सुरू झाला, तो खासगी कंपनीच्या हातून. बॉम्बे टेलिफोन कंपनीचा हा धंदा १९४३ पर्यंत चालला. त्या सालीं सरकारनें तो ताब्यांत घेतला. १ एप्रिल १९८६ पासून मुंबई व दिल्ली या दोन शहरांपुरता महानगर टेलिफोन निगम निराळा काढण्यांत आला. मालक दोनदां बदलला, पण दुकान एकच राहिलें. अर्ज करून वर्षानुवर्षें टेलिफोनची वाट पाहणें, ही त्या एकाच दुकानाची रीत होती. गिरगांवच्या चाळींत एखाद्या बिऱ्हाडीं टेलिफोन आला कीं तो साऱ्या मजल्याचा होई, आणि शेजाऱ्याचा नंबर आपल्या पत्रिकेवर घालून त्यापुढें 'पी. पी.' हीं अक्षरें छापण्यांत कोणास संकोच वाटत नसे. मक्तेदारी खासगी असो कीं सरकारी, गिऱ्हाइकाच्या नशिबीं रांगच येते, हा धडा या शहरानें शंभर वर्षें गिरविला आहे.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानें खासगी कंपन्यांना दार उघडलें. १९९८ सालीं ह्यूजेस या कंपनीनें निगमासमोर मुंबईंत आपलें दुकान मांडलें. २००२ च्या अखेरीस तें टाटांकडे गेलें. दर मोकळे करण्याची निकड कां निर्माण झाली, हें येथें समजून घेतलें पाहिजे. सरकारी काळांत महिन्याचें भाडें व स्थानिक संभाषण खर्चाच्या मानानें स्वस्त ठेवीत, आणि ती तूट परगांवच्या व परदेशच्या संभाषणांवर भारी दर लावून भरून काढीत. आणि परगांवीं सर्वांत अधिक बोलणारा म्हणजे व्यापारी. काळबादेवीच्या आडत्याच्या ट्रंक-कॉलांतून गिरगांवांतल्या पेन्शनराच्या टेलिफोनचें भाडें फिटत होतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. नवी कंपनी येते तेव्हां ती आधीं आडत्याकडे जाते, कारण साय तेथें असते. अशा वेळीं जुन्या निगमाचे हात सरकारी दरपत्रकानें बांधलेलेच ठेवले, तर साय दुसऱ्याच्या वाटीला जाते आणि ताकाचा खर्च तेवढा निगमाच्या गळ्यांत राहतो. १९९९ च्या आदेशानें भाडें वाढविलें आणि परगांवचे दर उतरविले, त्यामागें हेंच कारण होतें. तेव्हां दर मोकळे करणें हें कांहीं केवळ धनिकांचें लाड पुरविणें नव्हे. जुन्या व नव्या दुकानदाराला सारख्या अटींवर उभें करण्याचा तो मार्ग आहे.

परंतु दुसरें दुकान लागलें कीं चढाओढ झाली, असें समजणें घाईचें होय. याचाहि पुरावा मुंबईंतच आहे. १९९५ सालीं मुंबईंत मोबाइल आला, तो दोन कंपन्यांना परवाने देऊन. दोन दुकानें होतीं. तरीहि मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरांत होता, आणि येणाऱ्या कॉलाचेहि पैसे पडत. २००१ सालीं निगम तिसरा म्हणून या धंद्यांत उतरला, पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या, तेव्हां कोठें दर झपाट्यानें उतरले. येणारा कॉल फुकट झाला तो १ मे २००३ पासून. इंग्लंडांतहि १९८२ सालीं ब्रिटिश टेलिकॉमसमोर मर्क्युरी नांवाची एकच प्रतिस्पर्धी कंपनी उभी केली होती. तिनें आधीं लंडनच्या सिटी भागांतील मोठ्या पेढ्या धरल्या. दोघांचेंच हें राज्य पुरेसें नाहीं असें ठरवून तेथील सरकारनें १९९१ सालीं इतरांस वाट मोकळी केली. दोन दुकानदार समोरासमोर बसून एकमेकांचा भाव पाहूं लागले, तर त्यांस भांडण्यापेक्षां जुळवून घेणें सोयीचें वाटतें, हा मनुष्यस्वभाव आहे.

आतां आमच्या प्रश्नाकडे वळूं. सबंध मुंबई शहर एक बाजारपेठ धरली, तर तेथें टेलिफोन देणाऱ्या कंपन्या अनेक दिसतात. पण गिऱ्हाईक शहरांत राहत नाहीं; तें एका विशिष्ट इमारतींत, एका विशिष्ट गाळ्यांत बसतें. नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींत चार कंपन्यांच्या तारा येत असतील. ठाकूरद्वाराजवळच्या एखाद्या जुन्या वाडींत मात्र तारा आंत नेण्याची नळी एक, जिन्याखालची पेटी एक, आणि तिच्यावर जिचा ताबा, ती कंपनीहि एक. त्या वाडींतल्या कंपाउंडरला नरिमन पॉइंटची चढाओढ काय कामाची? इमारतीच्या आंत सर्व कंपन्यांना सारखा प्रवेश मिळावा, अशी शिफारस प्राधिकरणानेंच २०१७ सालीं केली होती, यावरून ही अडचण काल्पनिक नाहीं हें दिसून येईल. म्हणून चढाओढीची पाहणी शहराच्या नकाशावरून न करतां इमारतीच्या जिन्यांत उभें राहून केली पाहिजे.

दुसरी अडचण याहून खोल आहे, आणि ती नंबराची आहे. दुकानाच्या पाटीवर, पावतीपुस्तकावर, जुन्या गिऱ्हाइकांच्या वहींत तीस तीस वर्षें बसलेला नंबर हें त्या दुकानाचें भांडवल असतें. तो सोडणें म्हणजे जागा बदलण्यासारखेंच आहे. आणि हा नंबर कंपनीच्या खुंटीला बांधलेला आहे. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांकयोजनेंत नंबराचा पहिला अंकच कंपनीवार वांटून दिला. मुंबईंत २ नें आरंभ होणारा नंबर निगमाचा, ४ नें एअरटेलचा, ६ नें टाटांचा, हें व्यापाऱ्यांना आतां पाठ झालें आहे. ज्याला कंपनी बदलावयाची, त्यानें नंबरहि बदलावा, असा याचा अर्थ होतो. मोबाइलच्या गिऱ्हाइकाला २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलतां कंपनी बदलण्याची सोय मिळाली. टेबलावरच्या टेलिफोनाला ती दिली गेली नाहीं. अमेरिकेचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. तेथील अनेक राज्यांनीं व्यापारी लाइनीचे दर घरगुती दरांच्या आधीं मोकळे केले. परंतु १९९६ च्या कायद्यानें प्रत्येक स्थानिक टेलिफोन कंपनीवर गिऱ्हाइकाचा नंबर त्याच्याबरोबर जाऊं देण्याचें कर्तव्यहि घातलें होतें. आम्हीं दर मोकळे केले, पण गिऱ्हाइकाला बांधूनच ठेविलें. ज्याला दुकान सोडून जातां येत नाहीं, त्याच्यापुरती ती मक्तेदारीच होय, मग समोर दुकानें दहा कां असेनात.

कोणी म्हणेल, आतां सर्वांच्या खिशांत मोबाइल आहे. टेबलावरच्या टेलिफोनचें एवढें काय? अनेक दुकानदारांनीं तसें केलेंहि आहे. परंतु एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें त्यांत एक पेंच आहे. टेबलावरचा नंबर पेढीचा असतो. त्यावर थोरल्या काकांनीं बोलावें, धाकट्या दिरानें बोलावें, कीं मुनीमानें बोलावें. गिऱ्हाइकाला पेढीच भेटते. मोबाइल मात्र बहुधा कोणा एकाच्या नांवावर घेतलेला असतो. भाऊ वांटून निघाले, किंवा ज्याच्या नांवाचें कार्ड होतें त्याला देवाज्ञा झाली, म्हणजे तीस वर्षांचीं गिऱ्हाइकें कोणाच्या खिशांत जावयाचीं, हा वाद उभा राहतो. घर, दागिने, गाळा यांच्या वांटणीचे कागद आपण काळजीनें करतों. नंबराचा त्यांत उल्लेखहि नसतो. धंद्याचा मोबाइल नंबर पेढीच्या नांवानें घ्यावा आणि भागीदारीच्या कागदांत त्याची नोंद असावी, असें आम्ही वाचकांस आग्रहानें सुचवितों.

शिवाय चढाओढ ही एकदां सिद्ध झाली म्हणजे कायमची राहते, असें नव्हे. निगमाच्या सेवकांपैकीं चौदा हजारांहून अधिक जण स्वेच्छानिवृत्ति घेऊन ३१ जानेवारी २०२० रोजीं बाहेर पडले, आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याचें कामकाज भारत संचार निगमाकडे गेलें. इकडे मोबाइलच्या धंद्यांत एके काळीं डझनभर कंपन्या होत्या. जुलै २०२४ मध्यें उरलेल्या तीन मोठ्या खासगी कंपन्यांनीं दोन दिवसांच्या आंत आपापले दर चढविले. दर मोकळे करतांना पाहिलेला बाजार आणि आजचा बाजार हे एक नाहींत. म्हणून मोकळीक देणाऱ्यानें ठराविक वर्षांनीं पुन्हां पाहणी करावी, आणि जेथें एकच दुकान उरलें असेल तेथें दरांस मर्यादा घालण्याचा हक्क हातांतून जाऊं देऊं नये. ज्या इमारतींत गिऱ्हाइकाला दोनांहून अधिक कंपन्यांचा खराखुरा पर्याय आहे आणि नंबर बरोबर नेण्याची सोय आहे, तेथें दर खुशाल मोकळे असावेत. त्यांत सरकारनें लुडबूड करूं नये. बाकीच्या ठिकाणीं मोकळिकीच्या नांवाखालीं गिऱ्हाईक वाऱ्यावर सुटतें.

हें सर्व दिल्लीच्या हातीं आहे असें मानून वाचकांनीं स्वस्थ बसूं नये. गिरगांवांत जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उठत आहेत, आणि त्यांच्या सोसायट्यांच्या कमिट्यांवर आमचे कित्येक वाचक चिटणीस किंवा खजिनदार म्हणून बसले आहेत. एखादी कंपनी येते, जिना रंगवून देतें म्हणते, दरवानाच्या खोलींत फुकट जोडणी देऊं करते, आणि त्या बदल्यांत इमारतींत दुसऱ्या कोणास तारा नेऊं न देण्याचा करार पुढें सरकविते. रंग दोन पावसाळ्यांत उडतो. करार मात्र त्या इमारतींतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला व तळमजल्यावरच्या प्रत्येक गाळ्याला वर्षानुवर्षें एका दुकानाशीं बांधून ठेवतो. असा कागद पुढें आला तर त्यावर सही करूं नये, आणि नव्या इमारतीचा नकाशा होत असतांनाच तारांसाठीं तीन-चार कंपन्यांना पुरेल एवढी जागा राखून ठेवावी. प्राधिकरणाला जी चढाओढ जिन्यांत येऊन पाहतां येत नाहीं, ती राखणें हें त्या जिन्यांतल्या कमिटीचेंच काम आहे.