बटण खिडकीबाहेर फेकणारा कैदी : 'द डार्क नाईट' आम्हाला का आवडतो

'द डार्क नाईट' हा आमचा अत्यंत आवडता सिनेमा आहे. सुपरहिरोंच्या सिनेमांमध्ये त्याच्या आसपास जाणारा दुसरा आम्हाला सापडलेला नाही, आणि चळवळीतल्या मित्रांसमोर हे सांगताना आम्हाला कुठलाही संकोच वाटत नाही. पण असं म्हटलं की लगेच प्रश्न येतो : "मुखवटा घालून रात्री गुंडांना बदडणाऱ्या अब्जाधीशाचं आंबेडकरी कार्यकर्त्याला कसलं कौतुक? 'फँड्री'वर बोला, 'काला'वर बोला, 'जय भीम'वर बोला."

त्या सिनेमांवर बोललंच पाहिजे. पण आपल्या वस्तीतल्या पोट्ट्यांच्या मोबाईलमध्ये डोकावून पाहा. अकोट फैलपासून खदानपर्यंत कुणाच्याही स्टेटसला जा, 'जोकर' हजर आहे. सलूनच्या भिंतीवर तो आहे, ऑटोच्या मागच्या काचेवर तो आहे. आपल्या तरुणांनी हा सिनेमा आधीच आपलासा केला आहे. प्रश्न इतकाच आहे की त्यातला नेमका कोण आपलासा केला आणि कोणाकडे दुर्लक्ष केलं.

क्रिस्टोफर नोलन या दिग्दर्शकाचा 'द डार्क नाईट' जुलै २००८ मध्ये आला. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'चा हा दुसरा भाग. सहसा दुसरा भाग म्हणजे पहिल्याच्या यशावर काढलेली कमाई. इथे उलटं घडलं. दुसऱ्या भागाने पहिल्याला मागे टाकलं आणि जगभरात शंभर कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. जोकरची भूमिका करणारा हीथ लेजर सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच, जानेवारी २००८ मध्ये, गेला. पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. त्याचं काम इतकं जबरदस्त आहे की पडद्यावर तो नसतानाही तोच आहे असं वाटत राहतं. त्यामुळे पोरं जोकरच्या प्रेमात पडली, यात नवल नाही.

आणि जोकर सगळंच खोटं बोलत नाही. दवाखान्यातल्या प्रसंगात तो जे मांडतो त्याचा आशय असा : जे ठरल्याप्रमाणे घडतं ते कितीही भयानक असो, लोकांना त्याचं काही वाटत नाही, ठरल्याबाहेरचं काही घडलं की मात्र सगळे हादरतात. समाजशास्त्राची जाडजूड पुस्तकं जे सांगतात ते हा विदूषक दोन मिनिटांत सांगून जातो. गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराची बातमी आतल्या पानावर चार ओळींत का येते? हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला, तरी मरणं थांबत नाहीत आणि कुणी हादरत नाही. कारण जातिव्यवस्थेच्या हिशेबात हे मरण 'ठरल्याप्रमाणे' आहे.

इथपर्यंत जोकर बरोबर आहे. त्याचा उपाय मात्र आपला नाही. तो नोटांचा डोंगर पेटवतो आणि पोरांना ते दृश्य फार आवडतं. पेटवलं तर बाबासाहेबांनीही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती जाळली गेली. पण जोकर जाळतो ते जळताना बघण्यासाठी. बाबासाहेबांच्या चळवळीने जाळलं ते गुलामीचं विधान होतं, आणि त्याच माणसाने पुढे या देशाला स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेचं विधान लिहून दिलं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की घटनात्मक मार्ग खुले असताना ते सोडून दुसरे मार्ग धरणं म्हणजे अराजकाचं व्याकरण आहे. जोकर त्याच व्याकरणाचा पंडित आहे. त्याला स्टेटसवर ठेवायचं तर निदान हे माहीत असावं.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हा सिनेमा पुन्हा पुन्हा पाहतो, तिकडे येऊ.

शहर सोडून निघालेल्या दोन मोठ्या बोटी आहेत. एकीत सामान्य नागरिक, दुसरीत तुरुंगातले कैदी. जोकरने दोन्हींत स्फोटकं भरली आहेत आणि प्रत्येक बोटीला समोरची बोट उडवण्याचं बटण दिलं आहे. मध्यरात्रीपर्यंत जी बोट बटण दाबेल ती वाचेल. कुणीच दाबलं नाही तर जोकर दोन्ही उडवणार. माणूस संकटात सापडला की माणसालाच खातो, हे त्याला सिद्ध करायचं आहे.

नागरिकांच्या बोटीवर काय होतं? मतदान. चिठ्ठ्या गोळा होतात आणि बहुमत पडतं कैद्यांना उडवण्याच्या बाजूने. त्यांनी आयुष्यात चुका केल्या, आम्ही का मरायचं, हा त्यांचा युक्तिवाद. पण बटण दाबायला कुणाचा हात धजत नाही. एक गृहस्थ तावातावाने उठतो, बटण हातात घेतो आणि परत ठेवून खाली बसतो.

तिकडे कैद्यांच्या बोटीवर एक धिप्पाड काळा कैदी उठून अधिकाऱ्यासमोर उभा राहतो. चेहऱ्यावर जुने घाव आहेत. तो म्हणतो, बटण माझ्याकडे द्या, तुम्ही दहा मिनिटांपूर्वीच करायला हवं होतं ते मी करतो. आपल्याला वाटतं, आता हा दाबणार. तो बटण घेतो, सरळ खिडकीबाहेर फेकतो आणि जागेवर जाऊन बसतो.

मित्रांनो, त्या क्षणी आपल्यालाही वाटलं ना, की हा दाबणार? का वाटलं? अंग पाहून, रंग पाहून, कैद्याचे कपडे पाहून. सिनेमा तिथे प्रेक्षकाच्या मनातला पूर्वग्रह रंगेहाथ पकडतो.

आपल्या देशात कैद्यांच्या बोटीत कोण बसलं आहे? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण शिक्का गेला नाही. वऱ्हाडात कुठे चोरी झाली की आजही संशय आधी पारधी बेड्यावर जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. दलित, आदिवासी आणि मुस्लिम यांचं तुरुंगातलं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त आहे. तुरुंगातसुद्धा झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे कित्येक राज्यांच्या नियमावल्या जातीवरून ठरवत होत्या. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले ते ३ ऑक्टोबर २०२४ ला. स्वातंत्र्याच्या सत्त्याहत्तर वर्षांनंतर!

नागरिकांच्या बोटीवरचं ते मतदानही लक्षात ठेवा. मतदान झालं, बहुमत मिळालं, तरी ती लोकशाही नव्हती. समोरच्या बोटीतल्या माणसाचा जगण्याचा हक्क मताला टाकता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब संवैधानिक नैतिकतेबद्दल बोलले ते याचसाठी. ही नैतिकता माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. आज बहुमत म्हणजेच सत्य असं शिकवलं जात असताना हे सांगणारा प्रसंग एका मसाला सिनेमात सापडतो, याचा आम्हाला आनंद आहे.

अकोलेकरांना तर हा प्रसंग परका वाटूच नये. १३ मे २०२३ ला आपल्या जुने शहर भागात समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दोन गट समोरासमोर आले. दगडफेक झाली, गाड्या जळल्या, एका माणसाचा जीव गेला, १४४ कलम लागलं, इंटरनेट बंद झालं. त्या रात्री या शहराच्याही दोन बोटी झाल्या होत्या. प्रत्येक बोटीला मोबाईलवरून एकच निरोप मिळत होता : ते दाबायच्या आत तुम्ही दाबा. असा निरोप पाठवणारा जोकर कधीच बोटीत नसतो. तो लांबून मजा बघतो. मरतो तो हातावर पोट असलेला, आणि केसेस लागतात त्या गरिबाच्याच पोरावर. म्हणून पुढच्या वेळी असा मेसेज आला की तो पुढे न पाठवणं, हेच बटण खिडकीबाहेर फेकणं आहे.

असं बटण फेकण्याची आपली परंपरा हॉलिवूडपेक्षा जुनी आहे. २० मार्च १९२७ ला महाडमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्याल्यानंतर अफवा उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. सवर्णांच्या जमावाने लाठ्याकाठ्या घेऊन आपल्या माणसांवर हल्ला केला. जखमी झालेल्यांत आणि त्यांच्या सोबत्यांत पलटणीत राहिलेले गडी होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची खोटी होती, महाड पेटलं असतं. तो शब्द त्यांनी दिला नाही. डिसेंबरमध्ये तळ्यावर जायला हजारो लोक तयार असताना कोर्टाचा मनाईहुकूम आला, तेव्हाही त्यांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढा कोर्टात नेला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला. दहा वर्षं लागली. याला भित्रेपणा म्हणणाऱ्याला इतिहास कळलेला नाही.

परभणीचंच पाहा. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. वडार समाजाचा हा पोरगा. त्याच्या आईने कोर्टाचं दार ठोठावलं. ॲड. प्रकाश आंबेडकरांनी तिची बाजू मांडली आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही तो आदेश टिकला. कैद्यांच्या बोटीतल्या माणसाच्या आईने धरलेला हा मार्ग आहे.

आता त्या अब्जाधीशाच्या आक्षेपाकडे. बॅटमॅन वडिलोपार्जित संपत्तीवर उभा आहे, हे खरंच आहे. पण हा सिनेमा स्वतःच त्याच्यावर संशय घेतो. सुरुवातीलाच त्याची नक्कल करत बंदुका घेऊन फिरणारे नकली बॅटमॅन दिसतात, आणि ते बघून तो खूश होत नाही. पुढे जोकरला शोधण्यासाठी तो शहरातल्या प्रत्येक मोबाईलवरून पाळत ठेवणारं यंत्र उभारतो. तेव्हा त्याचाच सहकारी ल्युशियस फॉक्स त्याला सुनावतो की एवढी सत्ता एका माणसाच्या हाती असणं चूक आहे. हे यंत्र राहणार असेल तर मी राहणार नाही. काम झाल्यावर ते यंत्र नष्ट होतं. शिवाय बोटींवरचा निर्णय बॅटमॅन घेतच नाही. तो घेतात ज्यांची नावंही आपल्याला कळत नाहीत अशी माणसं.

आपल्याकडे मात्र प्रत्येकाला बॅटमॅन हवा आहे. ६ डिसेंबर २०१९ ला, महापरिनिर्वाण दिनीच, हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ च्या अहवालात म्हटलं की पोलिसांनी ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या होत्या. गुन्हा भयंकर होता, त्या मुलीला न्याय मिळायलाच हवा होता. पण खटल्याशिवाय गोळी घालण्याची सवय लागलेली यंत्रणा उद्या कुणाच्या वस्तीत येईल, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

एका जागी मात्र आम्ही या सिनेमाशी भांडतो, आणि ती जागा म्हणजे शेवट. शहराचा लाडका सरकारी वकील हार्वे डेंट सूडाने खुनी होतो. लोकांचा विश्वास मोडू नये म्हणून त्याचे खून लपवले जातात, बॅटमॅन ते स्वतःवर घेतो आणि डेंटला हुतात्मा केलं जातं. लोकांना सत्य पेलणार नाही, त्यांना मूर्ती हवी, असा याचा अर्थ. ज्या लोकांनी तासाभरापूर्वी बोटींवर आपली लायकी सिद्ध केली त्यांच्यावर हा अविश्वास? २०१२ च्या तिसऱ्या भागात त्याच खोट्यावर कडक कायदा उभा राहतो, त्यावर तुरुंग भरले जातात आणि शेवटी ते खोटं सगळ्यांच्या अंगावर कोसळतं. राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा बाबासाहेबांचा इशारा इथे तंतोतंत लागू पडतो. तो आपल्या नेत्यांनाही लागू आहे आणि आपल्या बॅनरबाजीलाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. विहारात, अभ्यासिकेत, रविवारच्या बैठकीत हा सिनेमा पोरांसोबत लावा. हिंदीत डब केलेला लावला तरी चालेल. बोटींच्या प्रसंगाला थांबवा आणि विचारा, आता हा कैदी काय करेल? उत्तरं ऐका. मग पुढचं दाखवा, आणि त्यानंतर महाडवर बोला. जोकरचा फोटो स्टेटसवरून आपोआप उतरेल असा आमचा दावा नाही. पण त्या कैद्याचं नाव सिनेमाने दिलेलं नाही, ते कुणाचं असू शकतं हे आपल्या पोरांना नक्की कळेल.

जय भीम! जय संविधान!