काळीज म्हणजे नक्की कुठलं?

पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली. दुखणं निघालं साधं ॲसिडिटीचं, पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ बोनस मिळाली : फॅटी लिव्हर, ग्रेड वन. आईने असं काही पाहिलं माझ्याकडे! ‘‘खरं सांग, घेतेस का गं तू?’’

अहो, कटिंग चहापलीकडे आपली मजल नाही. आणि फॅटी? ग्रुपमध्ये मला ‘काडी’ म्हणतात!

डॉक्टरांनी बीपी घेतलं, कंबर मोजली आणि विचारलं, ‘‘घरात हार्टचं कुणाला?’’ म्हटलं, बाबांची बायपास झालीय, ५२व्या वर्षी. मग त्यांनी या दोघांचं जुनं गुळपीठ समजावलं. चरबीने भरलेलं लिव्हर रक्तात जादा ट्रायग्लिसराइड्स सोडतं, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, रक्तवाहिन्यांना आतून सूज येते. त्यामुळे फॅटी लिव्हरवाले सगळ्यात जास्त दगावतात ते हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी, लिव्हरने नव्हे. २०२३ साली तज्ज्ञांनी आजाराचं नाव बदललं, त्यातून ‘अल्कोहोल’ शब्दच गेला. (आईला हे दोनदा ऐकवलं.)

आणि काडीचं काय? पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सेम, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपण देशी लोक दिसायला बारीक, आत लोणी.

गंमत म्हणजे आपली भाषा हे आधीच जाणून असावी. कवितेत ‘काळीज’ म्हणजे हार्ट, मटणवाल्याकडे मागा, लिव्हर मिळेल.

घरी येऊन बाबांची फाईल काढली. बायपासच्या दोन वर्षं आधीची, मुतखड्यासाठी केलेली सोनोग्राफी. तळाशी तीच ओळ. कुणी वाचलीच नव्हती. ती फाईल लावली होती मी. आणि तेव्हा मी एका पेपरात हेल्थचं पान बघत होते.

बाबांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरले. ‘‘नाक माझं नाही घेतलंस, हे बरं घेतलंस,’’ एवढंच म्हणाले.

सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायचंय. बाबा म्हणाले, स्कूटरवरून सोडतो. म्हटलं, लॅब वीस मिनिटांवर आहे, चालत जाऊ.