दीड लाखाची गाडी... नक्की केवढ्याला?

सणाला गावी गेलं की एक विषय हमखास निघतो. ‘एवढा पुण्यात कमावतोस, दारात एक गाडी नको का?’ तुम्ही जेऊरचे असाल (हो, नागराज मंजुळेंचं जेऊर, करमाळा तालुक्यातलं), तर हा प्रश्न नुसत्या हौसेचा नसतो. गावाला रेल्वे स्टेशन आहे, मान्य. पण रात्री दोनला आईच्या छातीत दुखायला लागलं तर टाइमटेबल बघून काय उपयोग? मग कुणीतरी २०११-१२ ची ऑल्टो सुचवतं. सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, फक्त दीड लाख. ईएमआयची कटकट नाही. सही ना?

थांबा जरा. ही गाडी तुम्ही नाही, आण्णा वापरणार. म्हणजे आठवड्यातून एकदा करमाळा, बाकी दिवस अंगणात. आणि उभी गाडी स्वस्त पडते हा निव्वळ गैरसमज आहे! उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायरचं रबर कडक होऊन तडकतं, वायरिंगवर उंदीर ताव मारतात. नक्षी शाबूत म्हणून टायर चांगला असं नसतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘३२१८’ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. एवढा जुना असेल तर चारही टायरचे मोघम बारा हजार धरा. बॅटरीचे चार. ऑल्टोच्या ८०० सीसी इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललाच नाही असं समजा. त्यात क्लच, ब्रेक आणि सस्पेन्शनचे बुश आलेच. माझ्या मते किमतीच्या वर चाळीस हजार बाजूला काढता येत नसतील, तर ही गाडी तुमच्या बजेटबाहेरची आहे. रात्री दोनला स्टार्टच झाली नाही तर स्वस्त घेऊन काय मिळवलं?

आता कागदाचा फंडा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. २०११-१२ ची गाडी म्हणजे मुदत २०२६-२७ मध्ये संपणार! पुढे दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून रिन्यूअल. करमाळ्याचं काम अकलूजच्या आरटीओकडे, त्यामुळे एक रजा गेलीच. रिन्यूअलची केंद्राची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून थेट ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून ती १०,००० आहे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हे पैसे कुणी भरायचे, हे टोकन देण्याआधीच ठरवा. बरं, थर्ड पार्टी इन्शुरन्सचा प्रीमियम इंजिनच्या सीसीवर ठरतो. गाडी म्हातारी झाली म्हणून तो कमी होत नाही, राव.

दिल्लीची डिझेल गाडी निम्म्या किमतीत मिळतेय? तिथे डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घातली गेली, म्हणून असा माल बाहेर येतो. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि खेटे... माझा तरी सल्ला, नकोच.

आणखी एक गंमत. उजनीच्या पाण्यावर पिकलेला ऊस आता फक्त साखरेत नाही, पेट्रोलच्या टाकीतही जातो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि गाड्या त्याला चालतील अशा साहित्याच्या बनू लागल्या त्या २०२३ पासून. जुन्या गाडीचे फ्युएल पाइप, रबरी सील लवकर बदलावे लागू शकतात, अ‍ॅव्हरेजही थोडं उतरतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत टाकी भरून ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

घासाघीस मात्र बिनधास्त करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या कारवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली, तर जुनीचा भाव तोच कसा? टायर आणि पार्टही त्याच दिवशी १८ टक्क्यांत आले, तो फायदा तुमचा.

आणि मॉडेल पुण्यातल्या मित्राला विचारून ठरवू नका. आधी गावातल्या मिस्त्रीला विचारा, त्याच्या हाताखालून कुठली गाडी रोज जाते आणि कशाचे पार्ट दुसऱ्या दिवशी मिळतात. गाडी बघायला त्यालाच सोबत न्या, पण सकाळी. मालकाला फोनवर आधीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.