दिवाळीची पोस्त

गतवर्षाचा ताळेबंद मांडण्याची संपादकीयाची प्रथा आम्ही मोडणार नाही. मात्र तो चार ओळींत आटोपता घेणार आहोत. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. २०२१ च्या डिसेंबरात आमच्या नाशिकात भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नव्हते, ती रुखरुख आता कायमची राहिली. जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले आणि त्यांत बागलाणचा साल्हेरही आला. सिंहस्थाची तयारी चालू आहे, म्हणजे रस्ते उकरलेले आहेत. इतके पुरे.

वर्षभर आम्हांला जी गोष्ट डाचत राहिली ती आहे आनंदी राहण्याचा तगादा. सकाळी मोबाइल उघडावा तो सूर्योदयाच्या चित्राखाली कृतज्ञ राहण्याची आज्ञा. वर्तमानपत्र उघडावे तो निजण्यापूर्वी तीन सुखद गोष्टी वहीत लिहिण्यास शिकविणाऱ्या शिबिराची जाहिरात, शुल्कासह. पूर्वीच्या राजवटींतही फर्माने सुटत, परंतु त्यांत सारा भरण्याची सक्ती असे, सुखी राहण्याची नसे. आनंद असा हुकमाने रुजू होत नाही. पावसाळ्यात गोदेला पाणी आले म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, हे पाहावयास अवघे नाशिक रामकुंडाकडे लोटते, धरणातून किती क्युसेक सोडले याची चौकशी मागाहून करते, आणि चिखलाने भरलेल्या पायांनी प्रसन्न मुद्रेने घरी परतते. या गर्दीला आजवर कोणी मार्गदर्शन केल्याचे ऐकिवात नाही.

वहीला आमचा विरोध नाही. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांना हळदकुंकू वाहणाऱ्या गावाने वहीला नावे ठेवू नयेत. परंतु सराफ बाजारातला मुनीमसुद्धा रक्कम जमेस धरताना ती कोणत्या आसामीकडून आली ते लिहितो, आणि या नव्या वह्यांत रक्कम तेवढी असते, आसामीचा पत्ता नसतो. पहाटेच्या अभ्यंगस्नानाचे सुख जो टिपून ठेवतो त्याला ते पाणी बहुतांशी गंगापूर धरणातून आले, १९६५ साली पुऱ्या झालेल्या त्या मातीच्या बांधाआड कोणाची तरी पिकती जमीन बुडाली, आणि त्या बुडालेल्या जमिनीच्या वारसांचे पुढे काय झाले हे विचारण्याची गरज भासत नाही. जिच्यात ऋणकोच्या डोक्याला तेवढा गारवा लाभतो आणि धनकोचे नावही निघत नाही, तिला कृतज्ञता म्हणावे की अंगमर्दन, हा निवाडा वाचकांनीच करावा.

आमच्या सणांनी कृतज्ञतेवर प्रवचने झोडली नाहीत. त्यांनी ती वसूल केली. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, खंडेनवमीला हत्यार चालवावयाचे नाही, आणि वसुबारसेला अनेक घरांत दूधतूप वर्ज्य, कारण त्या दिवसाचे दूध वासराचे, असे घरातल्या वडीलधाऱ्या बायका सांगत. (दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा औताला जुंपला जाई, हेही खरे, या व्यवहाराला आम्ही सोन्याचा मुलामा देऊ इच्छीत नाही.) ज्याचे आपण देणे लागतो त्याला एक दिवस मोकळा करावा, किंवा त्याचा वाटा त्याला सोडावा, आणि त्यापायी होणारी गैरसोय मुकाट्याने सोसावी, एवढीच त्यातली रीत.

दिवाळीची पोस्त याच कुळातली. पाडव्याच्या सकाळी पोस्टमन, झाडूवाली, रात्रीचा पहारेकरी आणि पेपर टाकणारा पोरगा ओळीने दारात उभे राहत. देणारा कुरकुरे, घेणारा कमी मिळाल्याचे तोंडावर दाखवी, पण वर्षातून एकदा तरी तो चेहरा उंबऱ्याशी येई आणि त्याच्या लेकीचे लग्न ठरल्याचे घरात कळे. गंगापूर रस्त्यावरील एका मोठ्या वसाहतीच्या सूचनाफलकावर यंदा आम्ही दोन कागद शेजारी शेजारी डकवलेले पाहिले: एकात कृतज्ञतेतून आनंदाकडे नेणाऱ्या कार्यशाळेचे निमंत्रण होते, दुसऱ्यात घंटागाडीवाल्यांना व पहारेकऱ्यांना कोणीही परस्पर पोस्त देऊ नये अशी ताकीद. दोहोंखाली सही एकाच चिटणिसाची होती.

पोस्त म्हणजे सरंजामी बक्षिसी, त्याऐवजी पुरते वेतन द्यावे, असे कोणी म्हणेल, तर आम्ही त्याच्या बाजूने हात वर करू. परंतु वेतन कंत्राटदाराच्या मर्जीवर ठेवून आधी पोस्त बंद करणे हा उलटा क्रम झाला. शिवाय हा समाधानाचा उपदेश बहुधा ज्याचे येणे बाकी आहे त्यालाच केला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा लासलगावी भरलेला ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तीन सुखे लिहावयास सांगण्याची आमची तरी छाती नव्हती. आणि १९३० च्या मार्चात काळारामाच्या दाराशी जे सत्याग्रहास बसले ते आहे त्यात समाधान मानणारे असते तर या शहराचा इतिहास लाजिरवाणाच राहिला असता.

कृतज्ञता आणि अंगमर्दन यांतला भेद तात्यासाहेब शिरवाडकरांना, म्हणजे कुसुमाग्रजांना, उमगला होता. ज्ञानपीठाचा मान घरी आल्यानंतर कुसुमाग्रज प्रतिष्ठानातर्फे एक वर्षाआड 'गोदावरी गौरव' देण्याचे ठरले, ते पुरस्कार म्हणून नव्हे, कृतज्ञतेचा नमस्कार म्हणून. आणि विज्ञानापासून साहसापर्यंतच्या क्षेत्रांतील ज्यांना तो करावयाचा त्या माणसांना नावानिशी बोलावून, सर्वांसमक्ष.

प्रस्तुत अंकाचा विषय 'रोजचा आनंद' असा आहे. तो ठरविताना आमचे मत अल्पमतात गेले, याची नोंद येथे करून ठेवतो. लेख मात्र चांगले जमले आहेत. अंकाची किंमत यंदा थोडी वाढविली असून त्या वाढीतला काही अंश छापखान्यातील बांधणी खात्याच्या पोस्तीचा आहे. ज्या वर्गणीदारांना हे मान्य नसेल त्यांनी नेहमीच्या पत्त्यावर पत्र धाडावे; पत्राची पोच मिळेल, फरक परत मिळणार नाही.